मधपेटी घरी बनवताय? मग आधी रिकाम्या फटीचं माप बघा

घरी लाकडी मधपेटी बनवायची म्हटलं की सगळे आधी लाकूड कुठलं घेऊ, फळी किती जाड, रंग कुठला मारू हेच विचारतात. पण माझ्या मते पेटीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लाकडाची नाहीच, ती आहे रिकामी फट, साधारण ६ ते ९ मिलिमीटरची.

पूर्वी मधमाश्या ओंडक्यात, टोपलीत नाहीतर साध्या खोक्यात ठेवायचे, माश्या पोळी थेट छताला आणि भिंतींना चिकटवायच्या, त्यामुळे मध काढायचा म्हणजे पोळं कापायचं, आणि त्यात अख्खी वसाहतच उद्ध्वस्त व्हायची बऱ्याचदा. १८५१ मध्ये लोरेन्झो लँगस्ट्रॉथ या अमेरिकन पाद्र्याला ह्यावर उपाय सापडला. त्याने ओळखलं की ठराविक मापाची फट सोडली तर माश्या ती येण्याजाण्याची वाट म्हणून मोकळी ठेवतात. फट ह्यापेक्षा कमी असली की झाडांच्या चिकापासून केलेल्या प्रोपोलिसने ती बुजवतात, आणि जास्त असली तर आपल्याला नको तिथे मेणाचं पोळं बांधतात. मग माश्या जिच्यात पोळं बांधतात त्या लाकडी चौकटीच्या चारी बाजूंना त्याने हीच फट ठेवली, आणि काहीही न कापता चौकट उचलून बाहेर काढता येईल अशी पेटी तयार झाली. १८५२ मध्ये त्याला तिचं पेटंट मिळालं. आजही जगभर वापरात असलेल्या बहुतेक पेट्या ह्याच तत्त्वावर चालतात.

म्हणून पेटीचं डिझाईन बाहेरून आत नाही, आतून बाहेर करायचं. आधी चौकट ठरवा, तिच्याभोवती फट धरा आणि मग भिंती. माशी कुठली आहे हेही आधीच बघा, मेलिफेराची, म्हणजे युरोपियन मधमाशीची, पोळी मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ३५ मिमीवर असतात, आपली देशी सातेरी माशी आकाराने लहान म्हणून तिला ३० ते ३२ पुरतात, तेव्हा एकीचं माप दुसरीला लावू नका. पेटी किती मोठी करायची हेही मनाने नको. थॉमस सीली ह्या शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या मापांची खोकी टांगून बघितलं होतं की मेलिफेराचे थवे घर म्हणून काय निवडतात, तर १० किंवा १०० लिटरपेक्षा ४० लिटरची जागा त्यांना जास्त आवडते आणि दारही छोटंच लागतं. लँगस्ट्रॉथ पद्धतीची दहा चौकटींची खोल पेटी आतून साधारण ४६५ बाय ३७२ बाय २४० मिमी असते, गुणाकार करून बघा, ४१ लिटरच्या आसपास येतो!

आता लाकूड. ते वाळलेलं हवं असं सगळेच सांगतात, पण का ते कोणी सांगत नाही. लाकूड वाळताना लांबीला जवळपास आटतच नाही, आटतं ते रुंदीला, आणि पेटीची उंची म्हणजे फळीची रुंदी. २४ सेंटिमीटरची ओली फळी नुसती ३ टक्के आटली तरी ७ मिमी गेले, म्हणजे वरच्या आणि खालच्या मजल्यामधली (एकावर एक ठेवलेल्या पेट्यांमधली) सगळी फट गेली. चौकटी वरच्या खाचेत लटकलेल्या असतात, त्या काही आटत नाहीत, मग वरच्या चौकटींची बूडं खालच्या चौकटींना टेकतात, माश्या ते प्रोपोलिसने चिकटवून टाकतात, आणि वरची पेटी उचलली की खालच्या चौकटीही ओढल्या जातात, मधल्या माश्या चिरडतात, त्यात राणी असली तर विचारूच नका.

फळी वाकते त्याचाही विचार करा. फळीच्या कापलेल्या टोकाकडे बघा, वर्तुळांच्या कमानी दिसतील, कमानीची पोकळ बाजू जिकडे तोंड करून आहे ती गाभ्याकडची बाजू. ती पेटीच्या बाहेर ठेवा. फळी वाकताना तिच्या वरच्या-खालच्या कडा आतल्या बाजूला झुकतात आणि कोपऱ्यातले सांधे उघडत नाहीत.

रंग फक्त बाहेरून, आतलं लाकूड कोरंच ठेवा, माश्या स्वतःच त्यावर प्रोपोलिसचा थर देतात. वाळवीसाठी केमिकल मारलेलं लाकूड अजिबात नको. मधाचे वरचे मजले मात्र उथळच करा असं मी म्हणेन, खोल पेटी मधाने गच्च भरली तर ३५ किलोच्या पुढे जाते आणि माश्या भोवती फिरत असताना ती उचलायची म्हणजे कंबरेचं काम आहे. पेटी ठेवताना दाराकडे किंचित उतार द्या, आत साचलेलं पाणी बाहेर येतं.

माश्या आणायच्या आधी सगळ्या चौकटी बसवून, मजले एकावर एक ठेवून प्रत्येक फट तपासा. पट्टी आत शिरत नाही, म्हणून ड्रिलचे बिट घ्या, ६ मिमीचा बिट फटीत सहज गेला पाहिजे आणि ९ चा अडकला पाहिजे. तळपाटावरची फट थोडी मोठी असली तरी चालते, बाकी कुठे ६ चा जात नसेल तर चौकटीची ती कड रंध्याने तासा, ९ चा आरपार जात असेल तर भिंतीला आतून पातळ पट्टी मारा आणि परत मोजा.