खरा गुन्हा, रचलेला प्रसंग आणि आपली स्मरणशक्ती

ऑगस्ट २०१६ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या वाई परिसरात एक हत्याकांड उघडकीला आलं. डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका माणसावर सहा जणांना मारल्याचा आरोप ठेवला गेला. चार वर्षांनी, ऑगस्ट २०२० मध्ये, झी मराठीवर ‘देवमाणूस’ ही मालिका सुरू झाली. ती याच प्रकरणावर बेतलेली आहे अशी चर्चा झाली आणि घराघरांत ती पाहिली गेली. आज वाईत काय घडलं होतं असं विचारलं, तर माझ्या अनुभवात उत्तरात बातम्यांपेक्षा मालिकाच जास्त येते. मालिकेतल्या सरू आजीच्या म्हणी लेखकांनी रचल्या हे सगळ्यांनाच कळतं. पण डॉक्टर सावज कसं हेरायचा, कुणाला काय सांगून बोलवायचा, पोलिसांना कसा गुंगारा द्यायचा, यातलं बातमीतलं किती आणि पटकथेतलं किती? ही वाटणी भल्याभल्यांना करता येत नाही. आणि करता येत नाही, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

हा निष्काळजीपणा नव्हे. मेंदूची कामाची पद्धतच तशी आहे, आणि ती प्रयोगांतून तपासली गेली आहे.

अमेरिकेत सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू बटलर, हेन्री रोडिगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना इतिहासातल्या घटनांवरचे अचूक उतारे वाचायला दिले आणि त्याच घटनांवरच्या लोकप्रिय चित्रपटांतले तुकडे दाखवले. तुकड्यांत काही गोष्टी उताऱ्याशी जुळणाऱ्या होत्या, काही उघड विरोधी. उदाहरणार्थ, जपानी सम्राटाच्या सैन्याला आधुनिक युद्धतंत्र शिकवायला फ्रेंच अधिकारी आले होते, चित्रपटात मात्र अमेरिकी दाखवला होता. आठवड्याने परीक्षा घेतली, तीही केवळ उताऱ्यावर. चित्रपट उताऱ्याशी जुळत होता तिथे मुलांना कितीतरी जास्त आठवलं. जिथे तो खोटं सांगत होता, तिथे जवळजवळ निम्म्या वेळा मुलांनी चित्रपटातलंच उत्तर लिहिलं. हे आपण उताऱ्यात वाचलं आहे, याची त्यांना खात्रीही होती.

यातला पुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. चित्रपटांत चुका असू शकतात, सावध राहा, अशी मोघम सूचना काही विद्यार्थ्यांना आधीच दिली होती. तिचा फारसा उपयोग झाला नाही. ज्यांना नेमकेपणाने सांगितलं होतं की अधिकारी अमेरिकी दाखवला आहे, प्रत्यक्षात तो फ्रेंच होता, त्यांच्या चुका मात्र बऱ्याच कमी झाल्या. आपल्याकडे प्रत्येक भागाआधी ‘नाट्यमयतेसाठी काही बदल केले आहेत’ अशा अर्थाची जी पाटी झरकन सरकते, ती पहिल्या जातीची आहे. कायदेशीर जबाबदारीतून निर्मात्याला ती सोडवत असेल; प्रेक्षकाच्या स्मरणशक्तीसाठी ती काहीही करत नाही.

असं का होतं? मेंदू माहिती साठवतो, पण ती कुठून आली याची नोंद तितकीशी घट्ट चिकटवत नाही. ‘काय’ टिकतं, ‘कुठून’ लवकर पुसट होतं. मानसशास्त्रज्ञ मार्सिया जॉन्सन यांनी यावर दीर्घकाळ संशोधन केलं. त्यांच्या मांडणीनुसार एखादी आठवण खऱ्या अनुभवाची की ऐकीव, हे आपण बऱ्याचदा तिच्या ठसठशीतपणावरून ठरवतो. रंग, आवाज, चेहरे, जागा भरभरून आठवत असतील, तर ‘हे खरंच असणार’ असा कौल मिळतो. वर्तमानपत्रातली चार कॉलमची बातमी या कसोटीवर फिकी पडते. शेकडो भागांची मालिका पडत नाही.

त्यात भर पडते भीतीची. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथे लॅरी काहिल आणि जेम्स मॅकगॉ यांच्या गटाने १९९४ मध्ये केलेला प्रयोग इथे सांगायलाच हवा. लोकांना काही स्लाइड्स दाखवून एक गोष्ट ऐकवली. आई आणि मुलगा वडिलांना भेटायला त्यांच्या रुग्णालयात निघाले आहेत. वाटेत मुलाला गाडीची जोरदार धडक बसते, डॉक्टर त्याला वाचवण्यासाठी धडपडतात. मग आई फोन करायला बाहेर पडते, बस पकडते. दुसऱ्या गटाला याच स्लाइड्स दाखवल्या, पण गोष्ट साधी: आपत्तीच्या वेळी काय करायचं याची रुग्णालयात रंगीत तालीम चालू आहे. आठवड्याने पाहिलं तर अपघाताची गोष्ट ऐकलेल्यांना मधला भाग विशेष ठळक आठवत होता. साधी गोष्ट ऐकलेल्यांना तसा आठवत नव्हता. काहींना गोष्ट ऐकवण्याच्या तासभर आधी प्रोप्रॅनोलॉल ही गोळी दिली होती. रक्तदाबावर दिलं जाणारं हे औषध अॅड्रेनॅलिनचा परिणाम रोखतं. गोळी घेतलेल्यांनी तीच अपघाताची गोष्ट ऐकली, तरी मधला भाग त्यांच्या मनात इतका कोरला गेला नाही.

म्हणजे छातीत धडधड होते त्या क्षणी शरीर मेंदूला सांगत असतं, हे जपून ठेव. उत्क्रांतीच्या हिशेबात ते शहाणपणाचंच होतं. वाघ कुठल्या ओढ्याकाठी दिसला हे विसरून चालत नसे.

आता गुन्ह्यावरच्या मालिकेत धडधड वाढते कुठे? बंद दाराआडच्या प्रसंगात. मारेकरी आणि बळी दोघंच समोरासमोर आहेत, तिला शेवटच्या क्षणी सगळं उमगतं, तो काहीतरी बोलतो. पार्श्वसंगीत थांबतं आणि जाहिरात लागते. त्या खोलीत साक्षीदार नव्हता. पोलिसांच्या हाती येतात ते मृतदेह, फोनच्या नोंदी, औषधांच्या बाटल्या आणि आरोपीचं म्हणणं. संवाद पटकथाकाराला रचावेच लागतात. म्हणून सत्य घटनेवरच्या मालिकेत जो भाग सर्वांत कमी खरा, तोच सर्वांत पक्का लक्षात राहतो. पंचनामा, तारखा, न्यायवैद्यक अहवाल हा खरा मजकूर कंटाळवाणा असतो आणि विरून जातो.

जे चटकन आठवतं ते वारंवार घडतं असं आपण धरून चालतो, हे मानसशास्त्रज्ञ एमॉस ट्व्हर्स्की आणि डॅनिएल काहनेमन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं. पाच वर्षांनी सारा लिख्टेनस्टाइन, पॉल स्लोविक आदींनी अमेरिकेतल्या लोकांना विचारलं की कशाने किती माणसं मरतात. लोकांच्या मते खून आणि पक्षाघात साधारण बरोबरीत होते. प्रत्यक्षात तेव्हा तिथे पक्षाघाताने खुनापेक्षा सुमारे ११ पट माणसं दगावत होती. आपल्याकडचे आकडेही पाहा. २०२२ मध्ये भारतात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा जीव गेला आणि १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. मुलगी रात्री उशिरा येणार म्हटल्यावर आईच्या डोळ्यांपुढे जे येतं, ते बहुतेकदा हेल्मेट नसतं.

मग मालिका पाहून माणूस भित्रा होतो का? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जॉर्ज गर्बनर यांचं उत्तर होतं ‘हो’. १९७० च्या दशकात त्यांनी दाखवलं की भरपूर टीव्ही पाहणाऱ्यांना जग जास्त क्रूर वाटतं. हा निष्कर्ष आजही सर्रास सांगितला जातो, पण १९७९ मध्ये टोरँटोत अँथनी डूब आणि ग्लेन मॅकडोनाल्ड यांनी त्याला धक्का दिला होता. राहत्या वस्तीत प्रत्यक्ष गुन्हे किती होतात हे हिशेबात धरल्यावर टीव्ही आणि भीती यांचं नातं जवळपास नाहीसं झालं. गुन्हेगारी वस्तीतली माणसं टीव्हीही जास्त बघत होती आणि घाबरतही जास्त होती. मला हा आक्षेप वजनदार वाटतो. म्हणून ‘मालिकांनी समाज भेदरवला’ हे विधान मी करणार नाही. भीती किती वाढते यापेक्षा ती कोणत्या दिशेला वळते, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

या प्रश्नाशी बायकांचा थेट संबंध आहे. २०१० मध्ये अमांडा व्हिकरी आणि ख्रिस फ्रेली यांनी खऱ्या गुन्ह्यांवरच्या पुस्तकांची ओढ कुणाला असते ते तपासलं. हिंसा म्हणजे पुरुषांची आवड, या समजुतीला छेद गेला. ऑनलाइन दुकानावरची वाचकांची मतं पाहिली, तर युद्धावरच्या पुस्तकांवर बहुतेक पुरुष लिहीत होते आणि खऱ्या खुनांवरच्या पुस्तकांवर सुमारे ७० टक्के बायका. बळी स्त्री असेल, मारेकऱ्याच्या मनात काय चाललं होतं ते सांगितलं असेल किंवा सुटकेची एखादी युक्ती असेल, तर त्यांची ओढ आणखी वाढत होती. संशोधकांचा तर्क असा की ही विकृत करमणूक नव्हे, जिवंत राहण्याची शिकवणी आहे. रात्री जेवणं उरकून रिमोट हाती घेणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना ‘काय ते खून बघत बसतेस’ असं हिणवणाऱ्यांनी हा तर्क ऐकावा.

पण शिकवणी म्हणून पाहिलं, तर अभ्यासक्रम चुकीचा असतो. मालिकेला धूर्त, दुहेरी आयुष्य जगणारा, एकामागोमाग बळी घेणारा मारेकरी हवा असतो. २०२२ मध्ये आपल्याकडे झालेल्या खुनांचं सर्वांत मोठं कारण मात्र वाद आणि भांडणं हे होतं. तशी ९,९६२ प्रकरणं नोंदली गेली. त्याच वर्षी स्त्रियांविरुद्धच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत पहिला क्रमांक होता पती आणि सासरच्यांच्या छळाचा, ३१.४ टक्के. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार त्या वर्षी जगभरात खून झालेल्या स्त्रियांपैकी ५५ टक्क्यांना जोडीदाराने किंवा कुटुंबातल्याच कुणी मारलं.

या मृत्यूंची पूर्वचिन्हं विज्ञानाला बऱ्यापैकी ठाऊक आहेत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या परिचारिका आणि संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८० च्या दशकात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीच्या जिवाला किती धोका आहे हे जोखणारी प्रश्नावली तयार केली. ती आजही वापरली जाते. प्रश्न साधे आहेत. मारहाण वाढत चालली आहे का? जिवे मारण्याची धमकी दिली आहे का? कुठे जायचं, कुणाशी बोलायचं हे तो ठरवतो का? आणि एक फार महत्त्वाचा: त्याने कधी गळा दाबला आहे का? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या स्त्रियांचा जोडीदाराने आधी गळा दाबला होता त्यांचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सुमारे सात पट आढळली. गळा दाबल्यावर बऱ्याचदा बाहेरून वळही दिसत नाही, त्यामुळे बाई स्वतःच ‘तेवढं काही नाही’ म्हणून गप्प बसते. हुकमत गाजवणाऱ्या नवऱ्याला सोडून गेल्यानंतरचा काळही जोखमीचा असतो, हेही याच संशोधनातून पुढे आलं.

अशा प्रकरणावर मालिका नीट लिहिता येईल. तिला दुहेरी आयुष्य जगणारा डॉक्टर लागणार नाही. स्वयंपाकघरातलं भांडण, गळ्यावरचा हात आणि ‘नांदायला जा’ म्हणणारं माहेर पुरेल. भाग संपल्यावर मोघम पाटीऐवजी दोन ओळी द्याव्यात, मूळ प्रकरणात काय घडलं होतं आणि आम्ही काय रचलं. त्याखाली १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक असावा, वाचून होईल इतका वेळ.