जुन्या पोस्टरांचा संग्रह (बडोदे)

मालाच्या, प्रवासाच्या किंवा चित्रपटाच्या जाहिरातीसाठी त्या-त्या काळी छापलेली पोस्टरे हौसेने जमवण्याचा छंद. मागाहून काढलेली पुनर्मुद्रणे यात धरत नाहीत. शौकिनांचा ओढा बहुधा हसऱ्या, भडक रंगांच्या पोस्टरांकडे असतो. रस्त्याने जाणारा माणूस पोस्टराकडे क्षणभरच बघणार आणि तेवढ्यात त्याला खूश करायचे, म्हणून आकृती मोठी, रंग सपाट आणि अक्षरे मोजकी. पॅरिसचा झ्यूल शेरे (१८३६–१९३२) हा या रीतीचा जनक मानला जातो. १८९०च्या दशकात तिथे पोस्टरांचे असे वेड पसरले, की लोक ती भिंतीवरून सोलून घरी नेत.

बडोद्यातील मराठी माणसाला छापील रंगीत चित्राची ओळख झाली ती मुख्यतः चित्रकार राजा रविवर्म्यामुळे. त्याने आपल्या चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, असे बडोद्याचे दिवाण राहिलेल्या टी. माधवरावांनी सुचवले होते. सयाजीराव गायकवाडांसाठी त्याने रंगवलेली पौराणिक चित्रे लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात पाहायला मिळतात. १८९४ मध्ये त्याने मुंबईत छापखाना काढला. पुढे हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. ही छपाई शिळाछाप असे, म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा दगड. घरोघरच्या तसबिरींत लक्ष्मी-सरस्वती आल्या त्या इथून. काही घरांत तर चित्रातल्या लुगड्यावर खरी जर आणि टिकल्या लावत. अशा प्रतींना आज संग्राहकांत विशेष भाव आहे.

मात्र या तसबिरींना सरसकट पोस्टर म्हणणे बरोबर नाही. तसबीर जपण्यासाठी विकत घेत. पोस्टर फुकट मिळे, चिकटवले जाई आणि महिन्याभरात त्यावर दुसरे बसे. टिकण्यासाठी जे केलेच नव्हते ते टिकले, याचेच संग्राहकाला अप्रूप. दोहोंच्या मधे साबणवाल्यांची आणि ग्राइप वॉटरवाल्यांची देवादिकांची कॅलेंडरे येतात.

स्वातंत्र्यानंतरच्या पोस्टरांत एअर इंडियाचा महाराजा सर्वांत लाडका. एअर इंडियाचे अधिकारी बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ मध्ये तो घडवला. वाकून अभिवादन करणारा हा मिशाळ गृहस्थ टोकियोच्या पोस्टरावर सुमो पैलवानही होतो. खऱ्या महाराजांच्या शहरात त्याची गंमत अंमळ जास्तच.

अस्सलपणा भिंगाने पाहतात. शिळाछापात रंगाचे अनियमित दाणे दिसतात, ऑफसेटमध्ये, म्हणजे नंतरच्या यांत्रिक छपाईत, ठिपक्यांची एकसारखी जाळी. पण जाळी दिसली म्हणून प्रत नकली ठरत नाही. १९६०नंतरची कितीतरी मूळ पोस्टरे ऑफसेटवरच छापलेली आहेत. त्यापेक्षा कागद, माप, घड्यांच्या खुणा आणि तळाशी छापखान्याचे नाव ही लक्षणे एकत्र पाहावीत. चौकटवाल्याने कडा कापल्या की हे नाव हमखास जाते, आणि किंमतही उतरते. दगडावरची छपाई कशी असते हे समजून घ्यायचे, तर महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेतील मुद्राचित्रणाची परंपरा शहरातच आहे.

जतनात कसर, वाळवी आणि ऊन हे नेहमीचे शत्रू. फाटके पोस्टर गव्हाच्या खळीने पातळ कागदावर व कापडावर चढवतात. ही खळ पाण्याने सुटते, म्हणून चूक दुरुस्त करता येते. लॅमिनेशन मात्र कधीही करू नये. विश्वामित्रीला पूर येतो, तेव्हा तळमजल्यावर संग्रह ठेवणे धोक्याचेच.