मेणबत्ती विझवणारा ठोसा

महिन्यातल्या एखाद्या रविवारी आमच्या साताऱ्यातल्या शाळेच्या सभागृहात सकाळी सात वाजता सगळे पंखे बंद होतात. कितीही उकडत असलं तरी. कारण त्या दिवशी आमच्या कराटेच्या सरांनी पिशवीतून मेणबत्त्यांचं पाकीट काढलेलं असतं. स्टुलावर मेणबत्ती लावायची, तिच्यासमोर पाय रोवून उभं राहायचं आणि ज्योतीच्या दिशेने ठोसा मारायचा. मूठ ज्योतीच्या दोन बोटं अलीकडे थांबली पाहिजे. कशालाही स्पर्श नाही, पण ज्योत विझली पाहिजे.

नवीन मुलं जीव खाऊन ठोसा मारतात. ज्योत जराशी वाकते आणि पुन्हा सरळ होते. मग तपकिरी पट्ट्याची एखादी किरकोळ अंगाची मुलगी पुढे येते, बाहीचा ‘फट्’ असा आवाज होतो आणि वातीवरून धुराची रेघ वर जाते. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, आणि दोन वर्षांपूर्वी लेकीला सोडायला म्हणून गेले ती स्वतःच पांढरा पट्टा बांधून रांगेत शेवटी उभी राहिले. ती धुराची रेघ पहिल्यांदा पाहिली त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे : जास्त ताकदीचा ठोसा ज्योत का विझवत नाही?

मूठ पुढे जाते तेव्हा तिच्या पुढची आणि भोवतालची हवाही तिच्याबरोबर निघते. मूठ हळूहळू मंदावत गेली, तर ही हवा बाजूंना पांगते आणि ज्योतीपर्यंत नुसती झुळूक पोचते. मूठ एकदम थांबली, तर हवा मात्र थांबत नाही. एसटीने करकचून ब्रेक मारल्यावर उभा माणूस जसा पुढे जातो, तशी ती पुढे जाते आणि ज्योतीवर आदळते. बाहीचा आवाजही त्याच कारणाने येतो : हात थांबला, कापड थांबलं नाही. म्हणजे मेणबत्ती ठोशाचं बळ मोजतच नाही. मूठ किती झटक्यात थांबली ते ती मोजते. कराटेच्या क्लासमध्ये सगळ्यात अवघड काय शिकवलं जातं असं मला कुणी विचारलं, तर मी हेच सांगेन. थांबणं.

हे किती अवघड आहे ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. १९७९ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मायकेल फेल्ड, रोनाल्ड मॅकनेअर आणि स्टीफन विल्क यांचा कराटेच्या भौतिकशास्त्रावरचा लेख आला. यातले मॅकनेअर स्वतः ब्लॅक बेल्ट होते. अमेरिकेतल्या एमआयटीतून त्यांनी लेसरवर पीएचडी केली होती. पुढे ते अंतराळवीर झाले आणि जानेवारी १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ यानाच्या अपघातात गेले. या तिघांनी झपाट्याने लुकलुकणाऱ्या दिव्याच्या उजेडात ठोशांचे आणि लाथांचे फोटो काढून वेग मोजले. सरळ ठोशाचा वेग सेकंदाला साधारण ६ ते १० मीटर भरला, वरून खाली आणलेल्या मुठीचा १० ते १४ मीटर. मुठीचा वेग सगळ्यात जास्त कुठे असतो, हेही त्यांनी दाखवलं. हात पूर्ण लांब झाल्यावर नव्हे, तर साधारण तीन-चतुर्थांश लांब झालेला असताना.

म्हणजे समजा, मूठ सेकंदाला ८ मीटर वेगाने निघाली आहे आणि थांबायला १५ सेंटिमीटर उरले आहेत. वर्गातल्या फळ्यावर करतो तसं गणित केलं, तर थांबायला मिळतो अवघा ०.०४ सेकंद. पापणी लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो. आणि मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, येतो गुरुत्वत्वरणाच्या वीस पटींहून जास्त. एवढ्या वेळात डोळ्यांनी मूठ कुठवर आली ते पाहायचं, मेंदूने ठरवायचं आणि हाताला ‘आता थांब’ असं कळवायचं, हे शक्यच नाही. म्हणून थांबण्याचा हुकूम ठोसा सुटण्याआधीच लिहिलेला असावा लागतो. आधी दंडाच्या मागचा स्नायू आवळतो आणि हात सरळ करतो. काही क्षणांत पुढचा स्नायू, म्हणजे आपली बेटकुळी, आवळून ब्रेक लावते. मग मागचा पुन्हा एकदा आवळतो आणि हात जागेवर पक्का करतो. झटक्यात केलेल्या हालचालींमध्ये हे तीन टप्पे असतात आणि मेंदू ते एकत्रच आखून पाठवतो. नवख्या माणसाची बेटकुळी एक तर उशिरा जागी होते, मग कोपराला हिसका बसतो; नाही तर सुरुवातीपासूनच आवळलेली असते, मग स्वतःच्याच ठोशाला स्वतःच मागे ओढत राहते.

“खांदे सोड, मावशी, खांदे सोड.” माझ्या शेजारी उभी राहणारी नववीतली मुलगी मला पहिले सहा महिने हेच सांगत होती. आम्ही मोठी माणसं दात-ओठ खाऊन ठोसा मारतो आणि सगळं अंग आधीच ताठ करतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी कसलेल्या लढवय्यांच्या स्नायूंमधले विद्युत संकेत नोंदवले, तेव्हा दोन वेगवेगळे ठोके दिसले : हालचाल सुरू होताना एक आणि आघाताच्या क्षणी दुसरा. मधल्या वेळात स्नायू सैल. वेग या सैलपणातून येतो. दुसऱ्या ठोक्याने शरीर क्षणभर एकसंध होतं आणि नुसत्या हाताऐवजी धडाचं वजनही आघातात उतरतं. ‘किआय’ म्हणून जी आरोळी ठोकतात, ती याच दुसऱ्या ठोक्यावर येते. श्वास झटक्यात सुटतो आणि पोट कडक होतं. ओरडल्यावर हाताची पकड अधिक घट्ट होते, ती सरावलेल्यांची आणि नवख्यांचीही, असं प्रयोगातून दिसलेलं आहे. त्यामुळे लाजून पुटपुटणाऱ्या मुलांना सर पुन्हा ओरडायला लावतात ते योग्यच आहे.

२०१२ साली लंडनमध्ये एड रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी १२ ब्लॅक बेल्ट आणि नियमित व्यायाम करणारे पण कराटे न शिकलेले १२ लोक यांची तुलना केली. ठोसा मारायला जागा दिली फक्त ५ सेंटिमीटर. ब्लॅक बेल्टवाल्यांचे ठोसे जोरदार होते, आणि त्यांचा जोर खांदा व मनगट यांच्या वेगाची वेळ किती नेमकी जुळते यावर अवलंबून होता. मेंदूच्या स्कॅनमध्ये त्यांच्या अनुमस्तिष्काशी जोडलेल्या मज्जातंतूंच्या रचनेत फरक आढळला. हालचालींचा ताल सांभाळणारा मेंदूचा भाग तो हाच. सरावाने ही रचना घडते की अशी रचना असणारेच वर्षानुवर्षं टिकून राहतात, ते एवढ्यावरून ठरत नाही. पण ठोसा दंडात कमी आणि डोक्यात जास्त असतो, हे मला पटलं.

आता परीक्षा. पट्ट्यांचे रंग आज कराटेची ओळख झाले असले, तरी कराटे जिथे जन्मलं त्या ओकिनावा बेटावरच्या जुन्या गुरूंकडे ते नव्हते. श्रेणी आणि काळा पट्टा ही पद्धत ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांची. १९२२ साली ओकिनावाचे गुरू गिचिन फुनाकोशी यांनी टोकियोत कराटेचं प्रात्यक्षिक केलं आणि त्यानंतर लवकरच ती पद्धत कराटेनेही उचलली. आमच्याकडे दर तीन-चार महिन्यांनी ग्रेडेशन, म्हणजे पुढच्या पट्ट्याची परीक्षा असते : आधी मूळ तंत्रं, मग काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली, मग जोडीदाराबरोबर कुमिते, म्हणजे लढत. मुलं अडखळतात ती कातामध्ये, आणि बहुतेक सगळी एकाच ठिकाणी. ‘हेइआन शोदान’ या पहिल्या कातामध्ये २१ हालचाली आहेत. तीन पावलं पुढे जात हात वर उचलून अडवायचं, तिसऱ्यावर किआय, आणि तिथून पाऊण गिरकी घेऊन डावीकडे. मागच्या परीक्षेत माझ्या पुढे उभा असलेला आठ वर्षांचा मुलगा किआय झाल्यावर तसाच थांबला. नजर भिंतीवर, ओठ हलताहेत, पाय हलत नाही. आदल्या शुक्रवारी त्याने हाच काता सलग दहा वेळा न चुकता केला होता.

सलग दहा वेळा, आणि दर वेळी त्याच दिशेला तोंड करून. अडचण मला तिथेच दिसते. १९७९ सालीच शे आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. हातात टेनिसचा चेंडू घेऊन छोटे लाकडी अडसर ठरलेल्या क्रमाने पाडायचे. असे तीन वेगवेगळे क्रम. काहींनी एक क्रम पुरा घोटून मग दुसरा घेतला, काहींनी तिन्ही आलटून पालटून केले. सरावाच्या वेळी घोटणारे सरस ठरले. दहा दिवसांनी पाहिलं तर आलटून पालटून करणाऱ्यांच्या जास्त लक्षात होतं. दर वेळी नव्याने आठवावं लागतं, म्हणून ते पक्कं होतं. घोटताना आठवण्याची वेळच येत नाही. मागची हालचाल पुढचीला ओढून नेते. माझ्या मते प्रत्येक क्लासने ग्रेडेशनच्या आधीच्या आठवड्यात तरी ‘इची, नी, सान’ असं जपानीत एक-दोन-तीन म्हणत एकच ठोसा शंभरदा मारण्याचा वेळ निम्मा करावा, कातांचा क्रम उलटसुलट करावा आणि मुलांना कधी दरवाजाकडे, कधी खिडकीकडे तोंड करून उभं करावं. सरांना मी हे सांगितलं. पुढच्या बुधवारी त्यांनी सगळ्या रांगांची तोंडं स्टेजकडून व्हरांड्याकडे वळवली आणि निम्मा क्लास गोंधळला. आता तो गोंधळ ओसरलाय.

स्पर्धेत मेंदूला वेगळंच काम लागतं. समोरचा खेळाडू ठोसा मारतो तेव्हा हाताला साठेक सेंटिमीटर अंतर कापायला ०.१२ सेकंदाच्या आसपास वेळ पुरतो. काही दिसल्यावर साधं बटण दाबायलाही माणसाला ०.२ सेकंद लागतात. म्हणजे ठोसा निघाल्यावर त्याला अडवायला गेलात तर उशीर झालेलाच असतो. तरी चांगले खेळाडू अडवतात. जपानमधल्या शुजी मोरी आणि सहकाऱ्यांनी २००२ साली कराटेपटू आणि नवख्यांची चाचणी घेतली. पडद्यावर नुसता ठिपका दिसल्यावर बटण दाबायचं, यात दोघांत फारसा फरक नव्हता. पण हल्ला करणाऱ्या खेळाडूचा व्हिडिओ दाखवून वार वर येणार की मध्ये ते ओळखायला सांगितलं, तेव्हा कराटेपटू स्पष्टपणे पुढे गेले. त्यांच्या नसा वेगवान नसतात. पुढच्या पायावर वजन सरकलं, खांदा किंचित खाली गेला, कंबर वळली, अशा खुणा त्यांना ठोशाच्या आधी वाचता येतात. ही अक्षरओळख आरशासमोर होत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या उंचीचे, वेगवेगळ्या सवयींचे जोडीदार लागतात, आणि आमच्यासारख्या तीसेक मुलांच्या क्लासची खरी अडचण ही असते की दोन वर्षांत सगळे एकमेकांना पाठ होतात. जिल्हा स्पर्धेला जाण्याचं पदकापेक्षा मोठं कारण मला हेच वाटतं.

आणि तिथेही प्रश्न पुन्हा थांबण्याचाच. ठोशाला एक गुण, मधल्या भागावर लाथेला दोन, डोक्यावर लाथेला तीन. पण आघात जास्त झाला तर गुण नाहीच, वर ताकीद. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोच्या निप्पॉन बुदोकानमध्ये ७५ किलोंवरील पुरुषांची ऑलिंपिक अंतिम लढत झाली. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ ने पुढे होता. त्याने मारलेली लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेच्या डोक्यावर बसली आणि गंजजादे जमिनीवर कोसळला. त्याला स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. पंचांनी आघात मर्यादेबाहेरचा ठरवून हमेदीला बाद केलं, आणि सुवर्णपदक स्ट्रेचरवर गेलेल्या खेळाडूला मिळालं. हमेदीला रौप्य. पायाच्या वजनाने आणि त्या वेगाने येणारी लाथ काही सेंटिमीटर आधी रोखणं म्हणजे काय, याचा हिशेब केला की मला त्याच्याबद्दल वाईटच वाटतं. तरीही निर्णय बरोबर होता असं मी मानते.

कौलं फोडणं याच्या अगदी उलट. गॅदरिंगमध्ये रचलेली मंगलोरी कौलं फुटली की टाळ्या पडतात. तिथे थांबायचं नसतं. नेम कौलाच्या पलीकडे धरायचा असतो, म्हणजे मुठीचा वेग सर्वाधिक असतानाच ती कौलाला भिडते. फेल्ड आणि सहकाऱ्यांनी मांडल्याप्रमाणे हाड काँक्रिटच्या सुमारे ४० पट ताण सोसू शकतं, म्हणून नेम आणि वेग बरोबर असला तर हात शाबूत राहतो. पण हे मोठ्यांच्या हाडाबद्दल. लहान मुलांच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ थर असतो, तिथूनच हाड वाढतं आणि वयात येऊन वाढ पुरी होईपर्यंत तो थर नाजूकच असतो. माझ्या लेकीने या क्लासच्या आधी एका उन्हाळी शिबिरात नाव घातलं होतं. तिथे नऊ वर्षांच्या मुलांना शहाबादी फरशीवर मुठींवर पन्नास जोर मारायला लावायचे, ‘हाड कडक होतं’ म्हणून. भाराने हाड दाट होतं हे खरं आहे, पण बेतशीर वाढवत नेलेल्या भाराने. दीड महिना तिचं मनगट दुखत होतं, आणि मी तेव्हा काही बोलले नाही याचा मला अजून त्रास होतो. आमचे सर दहा-अकरा वर्षांच्या मुलांना मुठींवर जोर मारू देत नाहीत. पालकांनी क्लास निवडताना भिंतीवरची पदकं पाहण्याआधी एवढं एक विचारावं.

परवाच्या रविवारी पुन्हा पंखे बंद झाले. लेक मेणबत्तीसमोर उभी राहिली. पहिले चार ठोसे वाया गेले. पाचव्याच्या आधी तिने खांदे खाली सोडलेले मला मागून दिसले. बाही वाजली. धुराची बारीक रेघ वर गेली, जराशी वळली आणि विरली. तिने वळून सरांकडे पाहिलं. सरांनी खिशातून काडेपेटी काढली आणि मेणबत्ती पुन्हा लावली.

“आता डावा हात,” ते म्हणाले.