दशक्रिया विधी, रामकुंड (नाशिक)

नाशिकच्या पंचवटी भागात गोदावरीकाठी मृत्यूनंतर दहाव्या दिवशी होणारे और्ध्वदेहिक (मृतासाठी करावयाचे) कर्म व त्याभोवतीचा दुखवट्याचा आचार. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. ‘गंगेवर दहावे आहे’ एवढा निरोप आप्तेष्टांना पुरतो. राख सावडल्यावर अस्थी रामकुंडातील अस्थिविलय तीर्थात सोडतात. महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग 1948 मध्ये येथेच विसर्जित झाला.

या स्थानाला पितृकर्मासाठी महत्त्व केव्हा आले, हे निश्चित सांगता येत नाही. रामाने दशरथाचे श्राद्ध येथे केले, अशी स्थानिक श्रद्धा आहे. वाल्मीकिरामायणात मात्र पित्याच्या निधनाची वार्ता रामाला चित्रकूटावर भरताकडून कळते आणि तो मंदाकिनीकाठी इंगुदीच्या (हिंगणबेटाच्या) पेंडीचा पिंड देतो. ब्रह्मपुराणातील गौतमीमाहात्म्यात, म्हणजे गोदावरीचा महिमा सांगणाऱ्या भागात, रामतीर्थाची कथा दशरथाच्या उद्धाराशी जोडलेली आहे. परंतु हा भाग मूळ पुराणात मागाहून पडलेली भर असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. श्राद्ध हे प्रतिवर्षी करावयाचे कर्म असल्याने दोन्ही परंपरांत विरोध मानण्याचे कारण नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आजचे बांधीव कुंड, जुन्या जिल्हा गॅझेटियरनुसार, 1696 च्या सुमारास चित्रराव खटावकर यांनी बांधले व पुढे माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनी त्याची दुरुस्ती केली.

अस्थिविलयात अस्थी थोड्याच अवधीत विरघळतात, अशी दृढ समजूत आहे. चितेच्या उष्णतेने हाडातील सेंद्रिय भाग जळून जातो. उरतो तो मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचा ठिसूळ सांगाडा. तो उदासीन पाण्यात फारच कमी विरघळतो, पण ओला होऊन, घासून त्याचा सहज भुगा होतो. त्यामुळे विलय रासायनिक असण्यापेक्षा भुगा होऊन गाळात मिसळण्याचा असावा.

गरुडपुराणानुसार दहा दिवसांच्या पिंडांनी प्रेताचा सूक्ष्म देह मस्तकापासून क्रमाने घडतो; अवयवांचा क्रम ग्रंथागणिक थोडा बदलतो. दहाव्याचा पिंड काकबलीसाठी, म्हणजे कावळ्याने शिवावा म्हणून, ठेवतात. कावळा लवकर शिवला नाही, तर आप्त एकेक करून पुढे येतात व मृताची राहिलेली इच्छा ओळखून मोठ्याने शब्द देतात : ‘धाकटीचं लग्न आम्ही लावून देऊ’, ‘आईला सांभाळू, काळजी करू नका’. तरीही न शिवल्यास दर्भाचा कावळा करून कार्य पुरे करतात. धर्मशास्त्रीय विवेचनात हा प्रसंग एखाद्या ओळीत संपतो. वास्तविक मागे राहिलेल्यांना खरा धीर येथे मिळतो, कारण मुलांची, कर्जाची, शेताची जबाबदारी कोण घेणार हे चारचौघांत बोलले जाते.

सुतकाच्या काळात पहिल्या दिवशी घरची चूल पेटत नाही. पिठले-भाकरी शेजारी आणतात. भेटीला आलेला माणूस निघताना ‘येतो’ म्हणत नाही. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडील गावांत दहाव्याला कीर्तनकाराचे प्रवचन ठेवण्याची रीत रूढ आहे. रामकुंडावरील तीर्थपुरोहितांच्या वह्यांत कुळाची नामावळी असते. नवे नाव लिहिताना पणजोबांच्या येण्याची नोंद वाचायला मिळते, आणि परगावाहून आलेल्या मुलासाठी ते मोठेच सांत्वन ठरते.

स्त्रियांच्या शोकाविषयी विधिग्रंथ फारसे बोलत नाहीत. अनेक समाजांत दहाव्यापर्यंत विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे असे. ऐन दुःखात तिच्यावर ओढवणारा हा दुसरा आघात होय. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले.