कागुयाचा नकार कुठून आला?

इसाओ ताकाहाता यांच्या ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’ या २०१३ च्या जपानी ॲनिमेशनपटातली मुलगी लग्नाला नाही म्हणते, तेव्हा ती अगदी आजची वाटते. तिचा नकार मात्र हजार वर्षांहून जुना आहे. ज्यावर सिनेमा बेतला आहे ती ‘ताकेतोरी मोनोगातारी’ जपानी गद्यातली सर्वांत जुनी उपलब्ध कथा मानली जाते, लेखक अज्ञात. बांबूत सापडलेल्या मुलीला तिला वाढवणारा म्हातारा सांगतो, लग्न करणं ही जगाची रीतच आहे. ती विचारते, मी का करायचं?

पाच उमराव मागे लागतात. ती त्यांना अशक्य वस्तू आणायला सांगते: बुद्धाचं भिक्षापात्र, आगीत न जळणारं कातडं, ड्रॅगनच्या गळ्यातलं रत्न. यांतले आबे नो मिउशी आणि ओतोमो नो मियुकी हे सातव्या शतकाच्या अखेरच्या दरबारातले खरेखुरे बडे लोक. कथेत एक फसवला जातो, दुसरा वादळात घाबरून गर्भगळीत होतो. बड्यांची नावं घेऊन त्यांची अशी फजिती करणं, हे धाडस मला फार मोठं वाटतं. पुढे खुद्द सम्राट म्हाताऱ्याला दरबारी हुद्द्याचं आमिष दाखवतो. तरी मुलगी बधत नाही.

सिनेमाने यात भर घातली ती रोजच्या जाचाची. शिक्षिका कागुयाला चालणं-बसणं शिकवते, भुवया उपटायला आणि दात काळे करायला सांगते. हेइआन काळातल्या (आठव्या शतकाच्या अखेरीपासून बाराव्या शतकापर्यंत) खानदानी बायकांची ही चाल. आंबट द्रवात लोखंड मुरवायचं, त्यात तुरट पूड मिसळायची आणि तो रंग दातांना पुन्हा पुन्हा लावायचा, कारण तो टिकत नसे. १८७० साली मेइजी सरकारने सरदार घराण्यांना ही प्रथा बंद करायला लावली. पण नकार त्याही आधीचा आहे: किडे पाळणाऱ्या एका उमरावकन्येच्या हेइआनकालीन कथेत ती भुवया आणि दात दोन्हींना हात लावू देत नाही. मला कागुया तिचीच बहीण वाटते. खानदानी मुलीलाही घाम येतो, खदखदून हसावंसं वाटतं, असं ती शिक्षिकेला ऐकवते.

ताकाहाता तोएई स्टुडिओत नवखे असताना ज्येष्ठ दिग्दर्शक तोमु उचिदा यांनी याच कथेवर ॲनिमेशनपट योजला होता. तो बारगळला, पण कथा ताकाहातांच्या डोक्यात राहिली. कागुया मूळची चंद्रावरची. तिथे तिच्या हातून अपराध घडला म्हणून तिला पृथ्वीवर पाठवलं, एवढंच मूळ कथा सांगते. पृथ्वीची ओढ हाच तो अपराध, असं सिनेमा म्हणतो.

आणि जाच करतो तो मायेचा बाप. बांबूत सापडलेलं सोनं खर्चून तो राजधानीत वाडा बांधतो. लेकीचं सुख यातच आहे, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नसते. मेजवानीत ती पडद्याआड बसलेली असताना बाहेर प्यायलेले पाहुणे तिच्याबद्दल नाही नाही ते बोलतात. ती पळत सुटते, भरजरी वस्त्रं एकेक गळून पडतात आणि चित्रच कोळशाच्या फराट्यांत मोडत जातं. मूळ कथेत ती अशी पळत नाही. तिथे तीन महिन्यांत मोठी झालेल्या मुलीचे केस वर बांधतात, तिला मोठ्या बाईची वस्त्रं नेसवतात आणि पडद्याआड ठेवतात. तिला त्याचं काय वाटलं, हे लेखकाने लिहिलेलं नाही.