पिंपातला पंचम : त्रिनिदादच्या स्टीलपॅनची पार्श्वभूमी

त्रिनिदाद या कॅरिबियन बेटावर स्टीलपॅनला नुसते 'पॅन' म्हणतात. वाजवणारा तो 'पॅनमॅन', तालमीची मोकळी जागा 'पॅनयार्ड'. तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून खोल केलेला, त्यावर सुरांची घरे पाडलेली आणि टोकाला रबर लावलेल्या दोन आखूड काठ्यांनी वाजवायचे हे वाद्य. ते ज्या रूपात आज दिसते त्यामागे ढोलांवरच्या बंदीपासूनचा जवळजवळ साठ वर्षांचा प्रवास आहे. ढोल हिसकावला तेव्हा बांबू आला, बांबू अपुरा पडला तेव्हा पत्रा आला. हा क्रम समजला की पॅनही समजते.

बेटावर आधी स्पेनची सत्ता होती. स्पेनच्या राजाने १७८३ मध्ये कॅथलिक परदेशीयांना जमिनी देऊ केल्या, तेव्हा फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह आले आणि येताना कार्निव्हल, म्हणजे नाचगाण्याचा आणि मिरवणुकांचा सण, घेऊन आले. १७९७ मध्ये इंग्रजांनी बेट घेतले. १८३८ मध्ये गुलामी पूर्णपणे संपल्यावर रस्त्यावरचा कार्निव्हल मुक्त झालेल्या आफ्रिकी लोकांचा झाला. त्यांची मिरवणूक म्हणजे 'कॅनबोले'. उसाच्या फडाला आग लागली की गुलामांना रात्रीबेरात्री हाकून नेत, त्या आठवणीचा हा खेळ. हातात मशाली, लाठ्यांची झुंज आणि कातडी ढोल. १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला पोलिसांनी ही मिरवणूक मोडायचा प्रयत्न केला आणि दंगल पेटली. मग १८८३ मध्ये ढोलांवर बंधने आली आणि १८८४ मध्ये कॅनबोलेच बंद झाले.

१८८४ हे साल आपल्यालाही जवळचे आहे. त्या वर्षी ३० ऑक्टोबरला सान फर्नांडोजवळ मोहरमच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मिरवणूक उसाच्या मळ्यांवरच्या हिंदुस्थानी गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची होती, ताजियांमागे हिंदूही चालत होते. किमान सोळा माणसे मेली. तिथे या सणाला 'होसे' म्हणतात आणि त्यात वाजणारे वाद्य आहे 'तासा', म्हणजे आपला ताशा. पण तो पुण्याहून गेला असे समजू नये. १८४५ पासून तिकडे नेलेली माणसे मुख्यतः भोजपूर आणि अवधची होती आणि कलकत्त्याहून जहाजात बसली होती. ताशा दोन्हीकडे एकाच घराण्यातून पोहोचला, इतकेच. तिथला पारंपरिक तासा मातीच्या भांड्यावर बकऱ्याचे कातडे ताणून बनतो आणि वाजवण्याआधी जाळापाशी धरून तापवतात.

ढोल गेल्यावर आफ्रिकी वस्त्यांनी बांबू उचलला. त्याचे नाव 'टांबू बांबू', फ्रेंच 'तांबूर' वरून पडलेले. माणसाच्या छातीपर्यंत येईल असा जाड बांबू जमिनीवर आपटायचा, तो 'बूम', म्हणजे खर्ज. हातभर लांबीचे दोन तुकडे एकमेकांवर ठोकायचे, तो 'फुले'. बारीक बांबू खांद्याशी धरून काठीने वाजवायचा, तो 'कटर'; वरचे तुकडे आणि तोडे तोच घेतो. तासाच्या ताफ्यातही पुढचा ताशा 'कटर' आणि ठेका धरणारा 'फुले' असतो. एका बेटावरच्या दोन समाजांनी एकाच शब्दांत वाद्यांची कामे वाटून घेतली. मला हा तपशील कुठल्याही भाषणापेक्षा मोलाचा वाटतो.

बांबूची अडचण साधी होती. तो आपटून आपटून फाटतो. रात्रभराच्या मिरवणुकीत बूम तडकला की खर्ज गेला. १९३० च्या दशकात फाटक्या बांबूच्या जागी बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, कचरापेट्या आणि मोटारीचे ब्रेक ड्रम आले. त्यांचा आवाज लांबवर जाई आणि ते फुटत नसत. त्यातला ब्रेक ड्रम आजही टिकून आहे. त्याला 'आयर्न' म्हणतात आणि शंभर वादकांच्या बँडलाही लयीत बांधून ठेवतो तो हाच.

डब्याच्या तळाला सतत वाजवून वाजवून पोचा पडतो आणि पोचा पडला की त्या जागेचा आवाज बदलतो. हा बदल ऐकून जाणूनबुजून दोन, तीन, चार वेगवेगळे आवाज काढणे ही खरी पायरी. दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून कार्निव्हलवर बंदी होती, पण पत्र्यावर काम चालूच राहिले. ८ मे १९४५ ला युरोपातले युद्ध संपल्याची बातमी आली आणि लोक आपापले डबे घेऊन रस्त्यावर उतरले. १९४६ च्या कार्निव्हलला जॉन जॉन वस्तीतला विन्स्टन 'स्प्री' सायमन गव्हर्नरसमोर डब्यावर ओळखू येतील अशा चाली वाजवून गेला. त्याच्या डब्याचा तळ बाहेर फुगवलेला होता. वुडब्रुकच्या एली मॅनेटने तळ आत खोल केला आणि तेलाचे मोठे पिंप घेतले. पहिला कोण, यावर वस्त्यावस्त्यांत अजून वाद होतो. एकाच माणसाला श्रेय देण्यात अर्थ नाही; शेजारच्या वस्तीला हरवायचे या ईर्ष्येने दहा वर्षांत सगळे घडले.

आता पिंपाकडे जवळून पाहू. पंचावन्न गॅलनचे, म्हणजे साधारण २०८ लिटरचे पिंप. व्यास ५७-५८ सेंटीमीटर, पत्रा सव्वा मिलिमीटरच्या आसपास. पिंप पालथे ठेवून तळावर आखूड दांड्याचा घण चालवतात. सुरुवात कडेकडून, गोल फिरत, मग मध्याकडे. सर्वांत वरच्या सुरांच्या 'टेनर' पॅनला जवळजवळ २० सेंटीमीटर खोली लागते, खर्जाच्या 'बास' पॅनला १० च्या आसपास पुरते. एकाच जागी घाई केली तर पत्रा तिथे पातळ होतो आणि पुढे सूर लावताना नेमका तिथेच फाटतो. खोली झाली की घरे आखतात, प्रत्येक घराभोवतीचा भाग थोडा खाली बसवतात आणि बोथट पोगराने, म्हणजे ठोकायच्या लोखंडी दांड्याने, ठिपक्याठिपक्यांची खाच मारतात. खाचेचे काम एका घराचे कंपन शेजारच्या घरात जाऊ न देण्याचे. पोगर धारदार असेल तर पत्रा चिरतो आणि तो सूर कायमचा फुटका वाजतो.

मग पिंपाची बाजू कापतात. टेनरला पंधराएक सेंटीमीटर उरते, बासला अख्खे पिंप. कापल्यावर जाळावर तापवतात, साधारण ३०० अंशांच्या घरात, पत्र्याला निळसर झाक येईपर्यंत. घणाने पत्र्यात साठलेला ताण यात जातो आणि पोलाद कडक होते. कमी तापले तर सूर टिकत नाही. जास्त तापले तर पत्रा मऊ पडतो, आणि मग कितीही ठोका, आवाज ठसठशीत येत नाही.

सूर लावणे हे शेवटचे आणि सर्वांत अवघड काम. घर खालून ठोकून वर उचलायचे, वरून ठोकून बसवायचे. चांगल्या घरात नुसता एक स्वर लावून भागत नाही. तंबोऱ्याच्या तारेत जसे स्वयंभू स्वर ऐकू येतात, तसे मूळ स्वराबरोबर वरचा षड्ज आणि त्याच्याही वरचा पंचम त्याच घरात जुळवावे लागतात. घराच्या लांबीत एक, रुंदीत दुसरा. बर्टी मार्शलने १९५० च्या दशकात हे नीट करून दाखवले आणि पॅनचा खणखणाट जाऊन नाद आला. एक घर हलवले की शेजारची दोन घरे उतरतात, त्यामुळे सगळे पॅन पुन्हा पुन्हा फिरून लावावे लागते.

घरांची मांडणी हा दुसरा प्रश्न होता. शेजारी घर थोडे तरी हलतेच, खाच कितीही चांगली असो. ते विसंगत स्वराचे असेल तर कर्कश वाजते. अँथनी विल्यम्सने कोळ्याच्या जाळ्यासारखी मांडणी केली. कडेच्या बारा घरांत प्रत्येक घराचा पंचम त्याच्या शेजारी आणि त्याच स्वराचा तार षड्ज आतल्या वर्तुळात. म्हणजे शेजारी हललाच, तर संवादी हलतो. आजचे टेनर याच षड्ज-पंचम क्रमाने चालते आणि त्यावर अठ्ठावीस-एकोणतीस घरे बसतात. बासच्या एका पिंपावर तीनच मावतात, म्हणून एका वादकाभोवती सहा पिंपे उभी असतात.

या काळात पॅनमॅनला घरंदाज लोक दारात उभे करत नव्हते. बँडची नावेच युद्धपटांतली होती: इन्व्हेडर्स, टोकियो, कॅसाब्लांका. मिरवणुकीत दोन बँड समोरासमोर आले की वस्तरे आणि बाटल्या निघत. १९५० च्या कार्निव्हलमधली इन्व्हेडर्स आणि टोकियोची हाणामारी अजून सांगितली जाते. लगेच पुढच्या वर्षी वेगवेगळ्या बँडमधले निवडक वादक 'टास्पो' नावाने एकत्र करून फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन या राष्ट्रीय प्रदर्शनासाठी लंडनला पाठवले. त्यांचे शिक्षक जोसेफ ग्रिफिथ पोलीस बँडचे अनुभवी माणूस. सगळ्या पॅनवर बाराही स्वर हवेत, बासलाही, असा त्यांनी आग्रह धरला. तोपर्यंत बासकडे दोन-तीन सूर असत. पॅनचा ऑर्केस्ट्रा झाला तो या आग्रहामुळे.

स्वातंत्र्य ३१ ऑगस्ट १९६२ ला आले आणि १९६३ मध्ये 'पॅनोरामा' स्पर्धा सुरू झाली. पहिल्या दोन्ही वर्षी विल्यम्सचा नॉर्थ स्टार्स बँड जिंकला. आज मोठ्या बँडमध्ये १२० पर्यंत वादक असतात आणि अंतिम फेरीत त्यांना आठेक मिनिटे मिळतात. त्या आठ मिनिटांसाठी पॅनयार्डमध्ये अनेक आठवडे रात्रीच्या तालमी चालतात, आणि बहुतेक वादक चाल कागदावरून न घेता तुकड्यातुकड्याने कानाने पाठ करतात. १९९२ मध्ये पॅन राष्ट्रीय वाद्य ठरले. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ मध्ये ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन म्हणून जाहीर केला. देशाच्या राजचिन्हातली कोलंबसाची तीन जहाजे काढून तिथे पॅन बसवायचा निर्णयही झाला आहे.

पॅन विकत घेणाऱ्यांनी मात्र एवढे पाहावे: घराच्या मधोमध वाजवावे, काठी सैल धरावी, टेनरची काठी बासवर आणि बासची टेनरवर वापरू नये. उन्हात ठेवू नये, पत्रा तापला की सूर उतरतो. सावलीत थंड झाल्यावर परत येतो, म्हणून तापलेले पॅन कुणाला ठोकून लावू देऊ नये. आणि बेसूर झालेले घर स्वतः हातोडी घेऊन कधीही सरळ करायला जाऊ नये. त्याच्या दोन्ही बाजूंचे संवादी सूर तुमच्या हातून जातील.