क्षारातील आयनांची ओळख

अज्ञात क्षारात कोणता धन आयन व कोणता ऋण आयन (म्हणजे धन किंवा ऋण विद्युतभाराचा कण) आहे, हे रासायनिक अभिक्रियांवरून ठरवण्याची प्रयोगशाळेतील पद्धत. घटक किती आहे हे तिच्यात कळत नाही, कोणता आहे एवढेच कळते. म्हणून ती गुणात्मक विश्लेषणात मोडते. धन आयनांच्या गटवार परीक्षेची घडी जर्मन रसायनज्ञ कार्ल रेमिगियुस फ्रेसेनियुस यांनी १८४१ मध्ये बसवून दिली. नागपुरात बारावीची आणि बी.एस्सी.ची मुले तिला ‘सॉल्ट ॲनालिसिस’ म्हणतात आणि बहुतेक जण अवक्षेपांचे, म्हणजे द्रावणातून खाली बसणाऱ्या गाळांचे, रंग पाठ करून परीक्षेला जातात. रंग दुय्यम आहेत. खरी मेख क्रमात आहे.

ऋण आयनांचे काम त्या मानाने सुटसुटीत. विरल सल्फ्युरिक आम्ल टाकताच फसफसून बिनवासाचा वायू निघाला आणि चुन्याची निवळी दुधाळ झाली, तर कार्बोनेट. सल्फाइटातून निघणारा वायूही निवळी दुधाळ करतो, पण त्याचा उग्र वास लपत नाही आणि तो डायक्रोमेटचा कागद हिरवा करतो. सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइडचा पांढरा अवक्षेप येतो व अमोनियात विरघळतो. आयोडाइडचा पिवळा विरघळत नाही. सल्फेटसाठी बेरियम क्लोराइड, नायट्रेटसाठी तपकिरी कड्याची परीक्षा. कडे हवे असेल तर तीव्र सल्फ्युरिक आम्ल नळीच्या कडेने सावकाश सोडावे आणि नळी हलवू नये.

धन आयन एकामागून एक लावलेल्या चाळण्यांतून वेगळे होतात. पहिल्या गटात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने शिसे खाली बसते. ते पूर्ण बसत नसल्याने दुसऱ्या गटातही डोकावते. दुसऱ्या आणि चौथ्या गटाचा अभिकारक एकच, हायड्रोजन सल्फाइड. तरी तांबे दुसऱ्यात आणि जस्त चौथ्यात का? आम्लामुळे द्रावणात सल्फाइड आयन अगदी थोडे उरतात. कॉपर सल्फाइडचा विद्राव्यता गुणाकार (तो जितका लहान, तितक्या कमी आयनांत अवक्षेप बसतो) १०च्या उणे ३६व्या घाताच्या आसपास असल्याने त्याला तेवढे पुरतात. झिंक सल्फाइडचा उणे २४व्या घाताच्या आसपास असल्याने ते विरघळलेलेच राहते. चौथ्या गटात अमोनियामुळे सल्फाइड आयन वाढतात, तेव्हा जस्त, मँगनीज, निकेल, कोबाल्ट खाली येतात. तिसऱ्या गटात अमोनियाच्या आधी नवसागर (अमोनियम क्लोराइड) घालायचा तोही याच हिशेबाने: हायड्रॉक्सिल आयन आवरले, की लोह, ॲल्युमिनियम, क्रोमियम बसतात आणि मॅग्नेशियम पुढे जाते.

क्रम चुकल्यास काय होते, हे मँगनीजवरून चांगले दिसते, आणि ते तर नागपूरच्या घरचे खनिज. मनसर, कांद्री, गुमगाव येथे त्याच्या खाणी आहेत. मँगनीज काढणाऱ्या मॉयल कंपनीचे मुख्यालयही शहरातच. धातुक तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात उकळले, की क्लोरीन निघतो व मँगनीज द्रावणात उतरते. सोबत बहुधा लोह असते. दुसऱ्या गटानंतर उरलेला हायड्रोजन सल्फाइड उकळून घालवला नाही, तर अमोनिया पडताच मँगनीज सल्फाइड म्हणून तिसऱ्या गटातच बसते. द्रावण अमोनियासह उघड्यावर ठेवले, तर हवेने ऑक्सिडीभवन होऊन तपकिरी गाळ येतो आणि तो लोहाचा समजला जातो. फॉस्फेट असल्यास ते तिसऱ्या गटाच्या आधी काढावे लागते. सगळे नीट जमले तर चौथ्या गटात फिकट मांसल रंगाचा अवक्षेप मिळतो. खात्रीसाठी लेड डायऑक्साइड व तीव्र नायट्रिक आम्लात उकळून जांभळा रंग पाहतात. मात्र क्लोराइड उरले असेल तर हा रंग टिकत नाही, त्यामुळे अवक्षेप आधी चांगला धुवावा.

पाचव्या गटात बेरियम, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम याच क्रमाने तपासतात. ज्योत अनुक्रमे सफरचंदी हिरवी, किरमिजी व विटकरी होते. अमोनियम सर्वांत आधी आणि मूळ क्षारातच शोधावे, कारण पुढे आपणच नवसागर व अमोनिया ओततो.

हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे व त्याने घ्राणशक्ती बधिर होते. वास येईनासा झाला म्हणून वायू गेला असे समजू नये. अनेक प्रयोगशाळांत आता त्याऐवजी थायोॲसिटामाइड वापरतात, तेही घातकच. तीव्र अमोनियाची बाटली नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे गेला असताना, बर्फाच्या पाण्यात थंड करून, तोंड दुसरीकडे वळवून उघडावी.